डॉक्टर नेरिओची फ्रीझरमधली कलेजी

नेरिओ बोस्कान डॉक्टर नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. खुद्द नेरिओ सोडून.

त्याच्याकडे पांढरा कोट आहे. खिशावर निळ्या दोऱ्याने ‘डॉ. मोरान, दंतवैद्य’ असं भरलेलं आहे. मोरान त्याचा मेहुणा. तो बायकोपोरांना घेऊन चिलीला गेला आणि तिथे आता म्हणे कुठल्याशा दुकानात सँडविचं बांधतो. कोट मात्र इथेच राहिला. आमच्या माराकाइबो शहरातून इतकी माणसं गेली, की मागे राहिलेल्यांच्या वाट्याला कोट, कुत्री आणि सासवा आल्या. नेरिओच्या वाट्याला कोट आला. त्याने तो अंगावर चढवला, कपाळाला खाणकामगारासारखी बॅटरी बांधली, दारावर ‘संगणक रुग्णालय’ अशी पाटी लावली आणि तेव्हापासून तो लॅपटॉप दुरुस्त करत नाही, उपचार करतो.

त्याचं दुकान माझ्या खिडकीच्या बरोबर समोर आहे. त्यामुळे मला टीव्हीची गरज पडत नाही. लॅपटॉप घेऊन कुणी आलं की हा आधी त्यालाच खुर्चीत बसवतो. मग लॅपटॉपच्या पाठीवर बोटाने टकटक करतो, कान लावतो, सुस्कारा सोडतो आणि विचारतो, ‘‘घरात आणखी कुणाला असं झालं होतं का?’’ बिचारं माणूस गांगरून म्हणतं, ‘‘माझ्या बहिणीचा मिक्सर जळला होता.’’ नेरिओ मान हलवतो. ‘‘वाटलंच.’’

त्याचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्याकडे एकच उपचार होता, थप्पड. आणि निम्मे रेडिओ त्यानेच बरे व्हायचे. नेरिओ त्याच्यापेक्षा पुष्कळ पुढे गेला, हे मान्य करायला हवं. हात चांगला आहे त्याचा. तोंड इतकं चांगलं नसतं, तर हाताचं कौतुक करायला आम्हालाही कधीतरी संधी मिळाली असती.

आता आमच्याकडच्या लाईटीविषयी. ती जाते तेव्हा सरळ जाते, येते तेव्हा मात्र सरळ येत नाही. पहिल्यांदा येते ती वीज नसते, लाथ असते. बल्ब पांढराफेक पडतो, फ्रिज ओरडतो आणि पुन्हा अंधार. मग दुसऱ्यांदा येते, मलूल, आजाऱ्यासारखी. तिसऱ्यांदा येते तेव्हा कुठे पंखा धड फिरायला लागतो. म्हणून गल्लीचा रिवाजच आहे. लाईट गेली की घरातल्या सगळ्या पिना उपटायच्या आणि एक बल्ब तेवढा चालू ठेवायचा, आल्याची वर्दी द्यायला. पहिल्यांदा पेटला की टाळ्या वाजवायच्या आणि आमच्या गावच्या माउलीचं, चिनितामायचं नाव घ्यायचं. दुसऱ्यांदा पेटला की वीजवाल्यांच्या आयांची नावं घ्यायची. तिसऱ्यांदा पेटल्यावरच पिना लावायच्या. लहान पोराला बोलता येण्याआधी हे कळतं.

नेरिओने तर याचे स्टिकर छापले होते. ‘तिसऱ्या लाईटीपर्यंत थांबा – डॉ. नेरिओ.’ प्रत्येकाच्या फ्रिजवर, केशकर्तनालयाच्या आरशावर, चर्चच्या माइकच्या पेटीवर, सगळीकडे त्याने ते स्वतःच्या हाताने चिकटवले. फादरांनी पेटीवरचा एकदा खरवडून काढला, तर दुसऱ्या रविवारी तिथे दोन.

इतकी पार्श्वभूमी पुरे. आता सिओमारा.

सिओमारा फिनोल आमच्या गल्लीची बर्फवाली. तिच्या स्वयंपाकघरात शवपेटीएवढा फ्रीझर आहे आणि परसात त्याच्यापुरता एक छोटा जनरेटर. बाहेर सावलीतही अंडं शिजेल असा उन्हाळा आणि लाईटीचा हा तमाशा. अशा ठिकाणी जिच्याकडे बर्फ, तिच्याकडे सत्ता. ती बर्फ विकते, नारळाचं आइस्क्रीम विकते आणि मत फुकट देते. नोव्हेंबर लागला की ती आणखी एक काम करते. गाइता बांधते.

नोव्हेंबरात आमच्याकडे फूर्रो नावाचा घुमणारा ढोल, खुळखुळे आणि चार तारांचा कुआत्रो घेऊन गल्लोगल्ली गाइता गातात. निम्म्या गाइता चिनितामायच्या स्तुतीच्या असतात, उरलेल्या कुणाच्या तरी अब्रूची लक्तरं करणाऱ्या. स्तुतीच्या लोक उभं राहून ऐकतात. दुसऱ्या पाठ करतात. माउलीच्या जत्रेआधीच्या शनिवारी चौकात गल्ल्यागल्ल्यांची चढाओढ होते, आणि आमच्या गल्लीच्या बायकांची गाइता नेहमी सिओमाराच बांधते. गाणं ती शेवटपर्यंत कुणाला ऐकू देत नाही. लॅपटॉपवर स्वतःच्या आवाजात भरून ठेवते आणि चढाओढीच्या दोन दिवस आधी बायकांना जमवून ऐकवते.

यंदा नेरिओच्या डोक्यात भुंगा शिरला, की गाणं त्याच्यावर आहे.

असं कुणी म्हटलं होतं? कुणीही नाही. यानेच न्हाव्याला विचारलं, ‘‘सिओमाराने माझ्यावर काही बांधलंय का रे?’’ मग भाजीवाल्याला विचारलं. मग मला. न्हाव्याने भाजीवाल्याला विचारलं, ‘‘नेरिओवर गाणं आहे म्हणे?’’ भाजीवाल्याने ते परत नेरिओलाच सांगितलं, आणि मग काय, बातमी पक्की झाली.

‘‘बांधू दे,’’ तो मला म्हणायचा. ‘‘मोठ्या माणसांवरच बांधतात.’’ पण कोटाच्या कॉलरमागे घाम यायचा.

आणि चढाओढीच्याच आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी सिओमारा स्वतःच लॅपटॉप काखेत मारून त्याच्या दारात हजर. आतला पंखा घरघर करतो, ही तक्रार.

‘‘डॉक्टर,’’ ती म्हणाली. हा शब्द ती अशा सुरात म्हणते, की ऐकणाऱ्याला वाटावं कोटावर काहीतरी सांडलंय. ‘‘फक्त पंखा पुसायचा. बाकी कुठे हात घालायचा नाही. संध्याकाळी नेईन. गुरुवारी बायका येणार आहेत माझ्याकडे, गाणं ऐकायला.’’

‘‘सिओमाराबाई, पेशंटची गुप्तता हा आमच्या धंद्याचा पाया आहे.’’

‘‘असू दे. पंखा पुसा.’’

पंखा त्याने खरोखरच पुसला, त्यात अर्धा तासही गेला नाही. त्यानंतर लॅपटॉप टेबलावर, हा खुर्चीत, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसलेले मी पडद्याआडून पाहिले. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी केव्हाच मेलेली, तेव्हा पिन लावल्याशिवाय लॅपटॉप चालू होणार नाही. आणि लाईट नाही. दुपार टळली, अंधारायला लागलं. सिओमारा यायची वेळ होत आली. नेरिओ दारात यायचा, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरकडे बघायचा, आत जायचा, पुन्हा बाहेर यायचा.

मग एकदम गल्लीभर टाळ्या वाजल्या. ‘‘आली! आली!’’ माझा बल्ब चुन्यासारखा पांढरा पडला. पहिली लाईट.

आणि चिनितामायची शपथ घेऊन सांगते, स्टिकर छापणाऱ्या त्या माणसाने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि पिन लावली.

फट्.

मोठा आवाज नव्हता. भाजलेला पापड मोडावा इतकाच. पण वास माझ्या खिडकीपर्यंत आला, जळक्या माशाचा. लाईट पुन्हा गेली. अंधारात त्याच्या कपाळावरची बॅटरी तेवढी पेटली आणि तिच्या उजेडात मी पडदा सोडून खिडकीत उभी असलेली त्याला दिसले.

त्याच्या मुलीची मी धर्ममाता, त्यामुळे आम्ही एकमेकांचे कोमाद्रे-कोम्पाद्रे. हे नातं सख्ख्यापेक्षा चिवट. तो रस्ता ओलांडून आला आणि खिडकीचे गज धरून उभा राहिला.

‘‘कोमाद्रे, तू काही पाहिलं नाहीस.’’

‘‘मी? मी शेंगा सोलत होते.’’

‘‘शपथ घे. माझ्या पोरीची.’’

‘‘गाणं ऐकायचं होतं ना रे?’’

‘‘घे शपथ!’’

घेतली. घेऊन चूक केली, कारण पुढचे दोन दिवस माझ्या पोटात जे दुखलं ते माझं मलाच माहीत. पण त्याचा चेहरा बघून जरा कीवही आली. आजवर तो गल्लीत एकच गोष्ट छाती ठोकून सांगत आलाय, ‘‘माझ्या टेबलावर पेशंट आजारी येतो, पण मरत नाही.’’ आणि हा पेशंट तर धडधाकट आला होता. सिओमाराला कळलं असतं तर ती पोलिसात गेली नसती, भांडलीही नसती. तिने फक्त बर्फ घ्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं असतं. बर्फ घ्यायला सगळेच येतात.

ती आली तेव्हा नेरिओ दारात हात मागे बांधून उभा.

‘‘पेशंटला निरीक्षणाखाली ठेवलंय,’’ तो म्हणाला.

‘‘पंखा पुसायला निरीक्षण?’’

‘‘धूळ जुनी आहे, बाई. खोलवर गेलीय.’’

‘‘गुरुवारी दुपारी बायका येणार आहेत, डॉक्टर. दुपारपर्यंत धुळीसकट आणून द्या.’’

म्हणजे हातात उरला बुधवार आणि गुरुवारची सकाळ.

बुधवारी त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं. मी कॉफी घेऊन गेले, निव्वळ माणुसकी म्हणून. लॅपटॉप सोलून ठेवलेला. पडदा एकीकडे, कीबोर्ड एकीकडे आणि मधोमध मदरबोर्ड. हिरवा, बारीक बारीक दाण्यांनी भरलेला. गाणं ज्यात होतं ती चपटी डिस्क त्याने आधीच काढून कोटाच्या खिशात घातली होती. त्याच्याकडच्या जुन्यापुराण्या मशीनना ती बसत नव्हती, नाहीतर त्याही परिस्थितीत त्याने गाणं आधी ऐकलं असतं.

‘‘चार्जर गेला, तो बदलला,’’ तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. दुःखातही त्याला व्याख्यान दिल्याशिवाय राहवत नाही. ‘‘वीज आत शिरते तिथले दोन पहारेकरी तपासले, ते शाबूत आहेत. पण त्यांच्या मागची मुख्य वाट, जिच्यातून सगळ्या बोर्डाला वीज जाते, ती शॉर्ट आहे. ऐक.’’ त्याने मीटरच्या दोन सुया टेकवल्या. मीटर कोकलला.

‘‘मग कुठे शॉर्ट आहे ते बघ ना.’’

‘‘तीच तर मेख आहे. या वाटेवर हे सगळे कपॅसिटर,’’ त्याने चिमट्याने तीळ दाखवावेत तसे दाणे दाखवले. ‘‘सगळे एकमेकांना बांधलेले. एकजण फुटला की मीटरला सगळेच फुटल्यासारखे वाटतात. एकेक उपटत बसलो तर जत्रा होऊन जाईल. फुटलेल्याला शोधायचं तर बोर्डाला थोडीशी वीज पाजायची. जो फुटलाय तो तेवढ्यानेही तापतो.’’

‘‘मग बोट लाव.’’

त्याने मोटरसायकलच्या बॅटरीवरून वीज जोडली आणि बोट लावलं. मग दुसरीकडे लावलं. मग टेबलाला लावलं. मग माझ्या कॉफीच्या कपाला.

‘‘सगळंच तापलंय,’’ तो म्हणाला.

खरंच होतं. आमच्याकडे नोव्हेंबरातही भिंतीला हात लावला तर भिंत ताप आल्यासारखी लागते. बोर्डावर अल्कोहोल टाकायचं, आणि जिथून आधी उडेल तिथे दोष, अशी एक युक्ती असते म्हणे. त्याने टाकलं. बाटलीचं बूच लावेपर्यंत सगळा बोर्ड कोरडा. पुन्हा टाकलं, पुन्हा कोरडा. असल्या युक्त्या थंड देशातल्या लोकांनी काढलेल्या. त्यांना काय, त्यांच्याकडे अल्कोहोलही निवांत बसतं.

‘‘तुझ्याकडे तो उष्णता बघणारा कॅमेरा आहे ना? सगळ्यांना सांगतोस ते.’’

‘‘सहकाऱ्याला दिलाय.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘कोमाद्रे, कॉफी थंड होतेय.’’

कॉफी थंड होत नव्हती. काहीच थंड होत नव्हतं. आणि हे म्हणता म्हणता तो थांबला, बोर्डाकडे बघितलं, मग दाराच्या फटीतून रस्त्यापलीकडे सिओमाराच्या घराकडे बघितलं. बर्फ. बोर्ड गोठवून बाहेर काढला की इथल्या दमट हवेत त्याच्यावर पांढरं हिंव, बर्फाचा पातळ थर, धरेल. मग थोडी वीज द्यायची. जो दाणा तापेल, त्याच्या डोक्यावरचं हिंव सगळ्यात आधी वितळेल. गल्लीत फ्रीझर एकच, आणि तो कुणाचा, हे सांगायला नको.

तासाभराने नेरिओ हातात काळ्या प्लास्टिकचं घट्ट बांधलेलं पुडकं घेऊन सिओमाराच्या स्वयंपाकघरात. मी बर्फ घ्यायच्या निमित्ताने आधीच तिथे. कोपऱ्यात झुलत्या खुर्चीत सिओमाराची आई, दोन्या आउरा. तिला कान कमी, डोळे घारीचे.

‘‘थोडी जागा हवी होती फ्रीझरमध्ये. उद्या सकाळपर्यंत.’’

‘‘काय आहे त्यात?’’

‘‘कलेजी.’’

‘‘कशाची?’’

‘‘मेहुण्याची.’’

सिओमाराने कमरेवर हात ठेवले. ‘‘त्या दातवाल्याची कलेजी तुम्हाला कोणी पाठवली, डॉक्टर?’’

‘‘म्हणजे मेहुण्याच्या ओळखीच्याने दिली. बकऱ्याची.’’

तिने पुडकं हातात घेऊन वजन केलं. ‘‘भलतीच चपटी आहे. बकऱ्यावरून ट्रक गेला होता का?’’

दोन्या आउरा म्हणाली, ‘‘कांदा घालून कर हो, मऊ होते.’’

गुरुवारी सकाळी तो पुडकं घ्यायला आला, घेतलं आणि पळत सुटला. पन्नाशीचा माणूस दंतवैद्याचा कोट फडफडवत रस्ता ओलांडताना बघायला अर्धी गल्ली दारात आली. दुकानात पोचून त्याने प्लास्टिक सोडलं, तर हिंव नाही, काही नाही. बोर्डावरून पाणी ठिबकत होतं. एवढासा रस्ता, पण आमचं ऊन. पुन्हा पुडकं बांधलं, पुन्हा सिओमाराकडे. मी मागोमाग.

‘‘कलेजी परत?’’

‘‘अजून कच्ची आहे.’’

मला हसू आवरेना म्हणून मी फ्रीझरमध्ये डोकं घातलं. पण नेरिओ तिथून हलेना. त्याला कळून चुकलं होतं, की जे करायचं ते फ्रीझरच्या शेजारीच करायला हवं, झाकण उघडल्याच्या दुसऱ्या क्षणाला. म्हणजे सिओमाराच्या देखत. त्याने कोट सरळ केला, घसा खाकरला.

‘‘सिओमाराबाई, खरं सांगतो. कलेजी नाही. मदरबोर्ड आहे. पलीकडच्या काबिमास गावच्या एका मास्तरांचा. नाजूक केस आहे. कलेजी आम्ही धंद्यात म्हणतो.’’

‘‘माझ्या नारळाच्या आइस्क्रीमशेजारी कुणा मास्तराचं लोखंड?’’

‘‘तुमच्याशिवाय हा पेशंट वाचत नाही, बाई.’’

स्तुती लागू पडली. शिवाय सिओमाराला तमाशा आवडतो. तिने टेबल रिकामं करून दिलं आणि नेरिओ दुकानातून मोटरसायकलची बॅटरी, मीटर, डाग द्यायची सळई, सगळा संसार घेऊन आला. हे होईतो दुपार झाली, बोर्ड पुन्हा दगडासारखा गोठला, आणि फूर्रो काखेत घेतलेली एग्दा पुढे अन् बाकीच्या बायका मागे, अशी गाइतावाल्यांची वरात स्वयंपाकघरात शिरली.

‘‘गाणं कुठाय?’’ एग्दा म्हणाली.

‘‘डॉक्टरांकडे निरीक्षणाखाली,’’ सिओमारा म्हणाली. ‘‘हे झालं की आणून देणारेत. आज, आत्ता. हो ना डॉक्टर?’’

नेरिओने बाह्या सारल्या. त्याने फ्रीझर उघडला.

बोर्ड टेबलावर ठेवल्या ठेवल्या आमच्या डोळ्यांदेखत पांढरा झाला. जत्रेतल्या मिठाईवर साखर भुरभुरावी तसा. बायका पुढे वाकल्या. नेरिओने वीज जोडली. ‘‘बाई, बॅटरी धरा. इथे. हलवू नका.’’ सिओमाराने स्वतःच्याच लॅपटॉपच्या काळजावर उजेड धरला आणि तिने तो ओळखला नाही. कशी ओळखणार? कपडे उतरवल्यावर सगळे सारखेच दिसतात.

‘‘कशाने जळला हा?’’ तिने विचारलं.

‘‘पहिल्या लाईटीला पिन लावली,’’ मी म्हणाले. नेरिओने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा फ्रीझरकडे वळले.

‘‘पहिल्या?’’ एग्दा म्हणाली. ‘‘शेंबडं पोर तरी लावतं का?’’

‘‘काबिमासचे लोक तसेच,’’ सिओमारा म्हणाली. ‘‘पण डॉक्टर, तुमचा स्टिकर नाही का पोचला तिकडे? कोण हो हे गाढव?’’

नेरिओ बोर्डावर वाकलेला. ‘‘असतात काही लोक,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘तोंड बघायला हवं त्याचं.’’

‘‘ते बघा!’’ तो ओरडला.

पांढऱ्या पसाऱ्यात एका कडेला सुईच्या टोकाएवढं हिरवं भोक पडलं होतं. ते वाढलं, ओलं झालं, चमकलं. बाकी सगळीकडे हिंव जागच्या जागी. नेरिओने श्वास सोडला. वीज काढली, तापलेली सळई टेकवली, चिमट्याने तो मेलेला दाणा उचलला आणि सिओमाराच्या तळहातावर ठेवला. मुंगीने टाकून द्यावा एवढासा.

‘‘एवढ्यासाठी?’’ ती म्हणाली.

‘‘याचे बाकीचे भाऊ आहेत, ते याचं काम वाटून घेतील.’’ त्याने मीटर टेकवला. मीटर गप्प. बोर्ड वाळायला काही करावं लागलं नाही. आमच्या उन्हाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी भलं केलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि इथे, वाचकहो, त्या माणसाला सुटायला दार सताड उघडं होतं. ‘बरं झालं’ म्हणायचं, बोर्ड काखोटीला मारायचा, दुकानात जाऊन लॅपटॉप जोडायचा आणि घटकाभरात साळसूदपणे सिओमाराच्या हातात द्यायचा. मी डोळ्यांनी खुणावत होते, जा बाबा, जा. पण टाळ्या चालू होत्या. आणि टाळ्या चालू असताना नेरिओ बोस्कान आजवर कुठून उठून गेलेला नाही.

‘‘नुसतं मीटरने काय कळतं?’’ तो म्हणाला. ‘‘जिवंत झालेला दाखवतो. तुमचा टीव्ही द्या इकडे.’’

टीव्ही फ्रीझरवर ठेवला. वायर बोर्डाला लावली. जनरेटरवरून चार्जर जोडला. छोटा पंखा गरकन फिरला आणि टीव्हीवर काळ्यावर पांढरी अक्षरं आली, की डिस्क नाही. बायकांना अक्षरांत मजा वाटेना. ‘‘एवढंच?’’ एग्दा म्हणाली.

त्या ‘एवढंच’ने घात केला. नेरिओने कोटाच्या खिशात हात घातला, चपटी डिस्क काढली आणि, माउली त्याचं भलं करो, खटकन बसवली.

टीव्ही उजळला. पडदाभर एक बाई. जत्रेच्या लाल झग्यात, फूर्रो मांड्यांत धरून, तोंड उघडून हसणारी.



दोन्या आउरा झुलायची थांबली. ‘‘अगं,’’ ती म्हणाली, ‘‘ही तर तू!’’

सिओमाराने टीव्हीकडे बघितलं. मग तळहातावरच्या दाण्याकडे. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘‘डॉक्टर, काबिमासच्या मास्तरांकडे माझा फोटो काय करतोय?’’

नेरिओ उभा होता, हातात चिमटा.

‘‘पहिल्या लाईटीला?’’

त्याने चिमटा पाठीमागे लपवला.

‘‘मेल्या, तू? तू पिन लावलीस? माझ्या फ्रिजवर, माझ्या दारावर, माझ्या आईच्या काठीवर स्टिकर चिकटवून ठेवलेस आणि तू?’’ आता ‘डॉक्टर’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही गेले होते. ‘‘पंखा पुसायला दिला होता! पिन कशाला लावलीस?’’

‘‘गाणं,’’ तो पुटपुटला.

‘‘काय?’’

‘‘गाणं ऐकायचं होतं. माझ्यावर आहे म्हणे.’’

सिओमारा थांबली. आणि मग हसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, अशी हसली.

‘‘तुझ्यावर? अरे, तुझ्यावर गाणं कोण बांधील? कशाला?’’

आजवर त्याला पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं असेल, त्यात मीही आले. पण इतकं वर्मी लागलेलं मी कधी पाहिलं नाही. तो स्टुलावर बसला. सिओमाराने तिथल्या तिथे गाणं लावलं. खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर होतं. तो कसा म्हातारा दारुडा आहे, झिंगतो, ठिणग्या ओकतो, घरी येतो म्हणून सांगतो आणि येत नाही. छान होतं. बायका हसून लोळल्या. नेरिओ मात्र मान खाली घालून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिला, आणि मला ठाऊक आहे तो कशाची वाट बघत होता. संपल्यावर त्याने विचारलं, ‘‘एवढंच आहे?’’

‘‘होतं,’’ सिओमारा म्हणाली. आणि कागद शोधायला लागली.

शनिवारी चौकात आमच्या गल्लीची पाळी आली. दारुड्या ट्रान्सफॉर्मरवर लोक हसलेच. मग एग्दाने फूर्रो घुमवला आणि बायकांनी नवं कडवं उचललं:

लाईट आली पहिली, डॉक्टर आले धावत,
पिन लावली, धूर निघाला, बसले तोंड लपवत;
कलेजी म्हणून बोर्ड माझा बर्फामध्ये पुरला,
अरे नेरिओ, तुझ्यापायी फ्रीझरसुद्धा शरमला!

सगळा चौक वळून शोधू लागला, नेरिओ कोण. फार शोधावं लागलं नाही. तो पहिल्या रांगेत होता, कोट इस्त्री केलेला. मला वाटलं आता हा उठून जाईल. उठला खरा. मागे वळला, छातीवर हात ठेवला, आणि सिनेमातल्या नटासारखा सगळ्या चौकाला वाकून नमस्कार केला. लोकांनी कडवं पुन्हा म्हणायला लावलं. त्या वेळी तोही गात होता. ‘शरमला’ सगळ्यात मोठ्याने.

आता त्याच्याकडे पलीकडच्या गल्ल्यांतूनही लॅपटॉप येतात. ‘‘तो गाण्यातला डॉक्टर कुठे बसतो?’’ असं विचारत येतात. बोर्ड गोठवायला तो सिओमाराकडे जातो आणि ती घेतेही, फक्त पुडक्यावर मालकाचं खरं नाव लिहिल्याशिवाय झाकण उघडत नाही. त्याचे स्टिकरही तिने काढले नाहीत. नुसतं त्याच्या नावाखाली पेनने ‘याने थांबायला हवं होतं’ असं लिहून ठेवलंय.

चढाओढीत आमचा दुसरा नंबर आला. निकाल ऐकून नेरिओ बराच वेळ नाराज होता. घरी येताना माझ्या शेजारून चालत म्हणाला, ‘‘कोमाद्रे, यांना कळत नाही. माझं कडवं सुरुवातीला घ्यायला हवं होतं.’’